ग्रांट संपल्यावर दुसरा सर्व्हे कोण करणार?

प्रश्न असा आलाय: "मी पुण्यात एका संस्थेत ग्रांट्सचं काम बघतो, शाळा, आरोग्य वगैरे. आता एका आंतरराष्ट्रीय संस्थेकडून ऑफर आहे, आफ्रिका आणि पॅसिफिकमधल्या देशांच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयांना ग्रांट देणारा प्रोग्रॅम सांभाळायचा. हे काम नेहमीच्या ग्रांटपेक्षा वेगळं असतं का, पैसा कुठे अडतो, पहिल्या वर्षी कशावर लक्ष ठेवावं? आणि मला फ्रेंच येत नाही, चालेल का?"

वेगळं असतं, बरंच वेगळं असतं. मी १७ वर्षं ह्याच कामात आहे, त्यातली पहिली ५ फील्डवर सर्व्हे टीम्सच्या बरोबर गेली आणि बाकीची ग्रांट सांभाळण्यात, त्यामुळे जरा लांब लिहितोय, सवडीने वाचा.

शाळेच्या ग्रांटमध्ये तुम्ही पैसे देता, वर्गखोल्या उभ्या राहतात, मुलं येऊन बसतात, डोळ्यांना दिसतं. सांख्यिकी कार्यालयाला पैसे दिले की एक सर्व्हे होतो, एक जाडजूड रिपोर्ट छापला जातो, राजधानीतल्या हॉटेलात प्रकाशन होतं, बॅनरवर सगळ्यांचे लोगो येतात आणि फाइलवर "पूर्ण" असा शेरा पडतो. आता विचार करा, एका सुट्या आकड्याचं मंत्री काय करणार? देशात निम्मे लोक गरीब आहेत हे कळलं, बरं, पण मागच्या वेळेपेक्षा वाढले का घटले हे त्याला हवं असतं, आणि ते तेव्हाच सांगता येतं जेव्हा तीच पद्धत धरून, तेवढ्याच काळजीने पुन्हा मोजलं जातं. म्हणून माझ्या लेखी ग्रांट लागू पडली का वाया गेली हे क्लोजिंग डेटला कळतच नाही, ते पाच-सहा वर्षांनी कळतं, त्याच कार्यालयाने स्वतःच्या माणसांच्या जोरावर दुसरी फेरी केली का, तेव्हा. मी प्रत्येक प्रपोजल वाचताना शेवटून वाचतो: दुसरी फेरी कोण करणार, कुठल्या बजेटमधून, पहिल्या फेरीचा डेटा त्यांना तोपर्यंत सापडणार का. ह्याची उत्तरं नसतील तर आपण एक महागडा रिपोर्ट विकत घेतोय असं धरून चाला.

हे होऊ शकतं का? होतं की. मलावीचं उदाहरण घ्या. तिथलं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय झोम्बा ह्या जुन्या राजधानीत आहे, त्यांचा इंटिग्रेटेड हाउसहोल्ड सर्व्हे १९९७-९८ मध्ये सुरू झाला, मग २००४-०५, २०१०-११, २०१६-१७ आणि २०१९-२०. तोवर पाच फेऱ्या. बाहेरचा पैसा आणि जागतिक बँकेची तांत्रिक मदत ह्यात आहेच, नाही असं नाही, पण एका फेरीतून दुसऱ्या फेरीत प्रश्नावली कशी बदलली, का बदलली, कुठला प्रश्न हलवला तर मालिका तुटेल हे सांगणारी माणसं तिथे कार्यालयातच तयार झाली. आणि त्या सर्व्हेचा घरोघरचा डेटा, नावं-पत्ते काढून, जगभरचे विद्यार्थी डाउनलोड करून वापरतात.

आता ह्या क्षेत्राचा नकाशा थोडक्यात, कारण पहिल्याच आठवड्यात ही नावं कानावर आदळतील. १९९९ हे वर्ष लक्षात ठेवा, त्या वर्षी पॅरिसमध्ये ओईसीडी ह्या श्रीमंत देशांच्या संघटनेच्या आश्रयाने पॅरिस-२१ ही भागीदारी सुरू झाली आणि त्याच वर्षी जागतिक बँकेने सांख्यिकी क्षमता वाढवण्यासाठीचा ट्रस्ट फंड काढला. पॅरिस-२१ ने एनएसडीएस ही गोष्ट रुजवली, म्हणजे देशाने स्वतःच्या सांख्यिकीचा चार-पाच वर्षांचा आराखडा स्वतः करायचा आणि डोनरांनी त्याच्या मागे उभं राहायचं. त्यांचाच दरवर्षी एक रिपोर्ट येतो, सांख्यिकीला जगात किती मदत मिळाली ह्याचा, तो वाचत चला, एकूण विकास मदतीच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी रक्कम ह्या कामाला मिळते. शाश्वत विकास उद्दिष्टांमध्ये १७.१८.३ असा एक निर्देशकच आहे, किती देशांकडे पूर्ण निधी असलेला आणि अंमलात आलेला सांख्यिकी आराखडा आहे ते मोजणारा. पूर्ण निधी हा शब्द तिथे मुद्दाम आहे, कारण आराखडे बहुतेकांकडे आहेत, पैसा नाही. हल्ली मोठमोठे प्रादेशिक प्रोजेक्ट पण आलेत, २०२० मध्ये जागतिक बँकेने पश्चिम आफ्रिकेतल्या ७ देशांसाठी मिळून जवळपास ३८ कोटी डॉलरचा एक मंजूर केला. शिवाय नॉर्वे आणि स्वीडनची सांख्यिकी कार्यालयं थेट कार्यालय-ते-कार्यालय काम करतात, वर्षानुवर्षं, आणि मला स्वतःला ती पद्धत सगळ्यात जास्त पटते, कारण तिथे शिकवणारा माणूस सुद्धा रोज तेच काम करणारा असतो.

आता पैसा कुठे अडतो. खरं घोडं इथेच पेंड खातं, आणि इथेच तुमचा नेहमीच्या ग्रांटचा अनुभव थोडा दगा देईल.

पद्धत साधारण अशी असते की देशाच्या बँकेत ह्या प्रोजेक्टचं एक वेगळं खातं असतं, त्यात सुरुवातीला आगाऊ रक्कम टाकतात, कार्यालय खर्च करतं, बिलं-व्हाउचर जोडून हिशोब पाठवतं, मग तेवढी रक्कम परत भरली जाते. ऐकायला सोपं आहे. पण परत भरण्याच्या अर्जावर ज्यांच्या सह्या चालतात त्यांची नावं आणि सह्यांचे नमुने आधी कळवलेले असावे लागतात, आणि ते लोक बहुतेक अर्थमंत्रालयातले बडे अधिकारी असतात, ज्यांच्या बदल्या होतात.

आग्नेय आफ्रिकेतला एक देश, नाव नको. कुटुंबाच्या खर्चाचा सर्व्हे चालू होता, १२ महिन्यांचा. हा सर्व्हे १२ महिने का चालवतात हे समजून घ्या, कारण गावातलं खाणंपिणं ऋतूप्रमाणे बदलतं. तिकडे साधारण डिसेंबर ते मार्च हा कडकीचा काळ, मागच्या वर्षीचा मका संपलेला असतो आणि नवा एप्रिलशिवाय हातात येत नाही. म्हणून निवडलेल्या गावांचे १२ भाग करतात, दर महिन्याला एक भाग, म्हणजे प्रत्येक ऋतूला सारखा वाटा मिळतो. तर झालं असं की नोव्हेंबरात मंत्रालयातले सचिव बदलले, नव्या साहेबांच्या सहीचा नमुना कोणी पाठवलाच नाही, जानेवारीत पैसे परत भरण्याचा अर्ज गेला तो सही जुळत नाही म्हणून परत आला, मग पत्र, मग त्याचं स्मरणपत्र, तोवर खात्यात खडखडाट.

मी फेब्रुवारीत तिथे गेलो तेव्हा एका टीमबरोबर दोन दिवस होतो. चार प्रगणक, एक सुपरवायझर बाई आणि ड्रायव्हर, शाळेच्या एका वर्गात बाकं सरकवून झोपत होते. गावात वीज नव्हती, टॅब्लेट चार्ज करायला रस्त्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात द्यायचे, त्याच्याकडे सोलर होतं, दर चार्जिंगला पैसे घ्यायचा आणि ते सुपरवायझर बाई स्वतःच्या पर्समधून देत होत्या, कारण सात आठवडे भत्ता आलेला नव्हता. त्यांच्याकडे एक पिवळ्या पुठ्ठ्याची वही होती, त्यात रोजची नोंद: कुठलं गाव, १६ पैकी किती घरं झाली, किती लिटर डिझेल उरलं. ६ फेब्रुवारीच्या ओळीत ९ घरं लिहिली होती आणि पुढे डिझेलच्या रकान्यात शून्य. त्यानंतर पाच दिवस नुसत्या तारखा, समोर काही नाही. त्या मला म्हणाल्या, सर, ही सात घरं मी एप्रिलमध्ये करून देईन पण तेव्हा ह्यांच्याकडे मका असेल.

त्यांना जे वर्गात बसून कळलं होतं ते राजधानीत आणि आमच्या हेडऑफिसात कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. कडकीच्या महिन्यांतली बरीच गावं शेवटी एप्रिल-मेमध्ये झाली, नवं पीक हातात आल्यावर. घरात खायला आहे, खर्चाचा आकडा वर गेला, गरिबी कागदावर खाली आली. पुढे वजनं, म्हणजे कुठल्या घराचं उत्तर किती घरांच्या वतीने मोजायचं ते, बदलून, तळटीपा देऊन थोडीफार दुरुस्ती झाली, पण ऋतूच निसटला होता, तो गणिताने परत येत नाही. आणि सचिव बदललेत हे मला नोव्हेंबरातच माहीत होतं, एका मीटिंगच्या टिपणात मी स्वतः लिहिलं होतं, मी फक्त सहीचं पुढे काय झालं हे विचारलं नाही. ती चूक माझी.

तेव्हापासून मी हे पाळतो आणि तुम्हालाही सांगतो. सह्यांचे अधिकार कोणाकडे आहेत ह्याची यादी महिन्यातून एकदा स्वतः फोन करून तपासायची, बदलीची बातमी पेपरात आली तरी त्याच दिवशी विचारायचं. फील्डचा पैसा आणि बाकीचा पैसा, म्हणजे वर्कशॉप, कन्सल्टंट, दौरे, एकाच पिशवीत ठेवायचे नाहीत, नाहीतर वर्कशॉपचं बिल आधी भरलं जातं कारण हॉटेलवाला राजधानीत दारात येऊन बसतो आणि प्रगणक ४०० किलोमीटरवर असतो. आणि कडकीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी तीन महिन्यांचं डिझेल आणि भत्ता खात्यात पडलेला असला पाहिजे, ह्यासाठी आगाऊ रकमेची मर्यादा वाढवून मागावी लागली तरी मागायची. फायनान्सवाले कुरकुर करतील. त्यांना त्या वहीतल्यासारखं एखादं पान दाखवा, मी दाखवतो.

चलनाचंही बघा. ग्रांट डॉलरमध्ये असते, खर्च स्थानिक चलनात. नोव्हेंबर २०२३ मध्ये मलावीच्या क्वाचाचं एका फटक्यात ४४ टक्के अवमूल्यन झालं. अशा वेळी कागदावर ग्रांट फुगते, पण डिझेल आयातीचं, टायर आयातीचे, आणि भत्त्याचे दर सरकारी परिपत्रकाने ठरलेले, ते महिनोन्महिने जुनेच राहतात, म्हणजे प्रगणकाला त्याच भत्त्यात निम्मं जेवण. बजेट तेव्हाच नव्याने मांडा, सहामाही मिशनची, म्हणजे डोनरच्या पाहणी दौऱ्याची, वाट बघू नका.

खरेदी हा दुसरा मोठा अडथळा, पण त्यावर कोणीही तुम्हाला तासभर सांगेल त्यामुळे मी थोडक्यात आटपतो. टॅब्लेटचं टेंडर काढण्यापासून ते जिल्ह्यात पोचेपर्यंत ६ ते ९ महिने धरा, कस्टम्सच्या माफीचं पत्र हे वेगळं काम आहे आणि ते टॅब्लेट बंदरात येण्याआधी हातात हवं. जनगणना संपल्यावर हजारो टॅब्लेट एका खोलीत खोक्यात पडून राहतात, दोन वर्षांनी उघडले की बॅटऱ्या फुगलेल्या, हे मी एकापेक्षा जास्त देशांत पाहिलंय. त्यामुळे वापरानंतर ते कुठे जाणार हे खरेदीच्या कागदातच लिहा. उसने देता येतात, घानाच्या २०२१ च्या जनगणनेला केनियाने आपल्या २०१९ च्या जनगणनेतले टॅब्लेट दिले होते, किती शहाणपणाचं काम आहे हे. सॉफ्टवेअरवर उगाच खर्च करू नका, सीएसप्रो आणि सर्व्हे सोल्युशन्स दोन्ही फुकट मिळतात, एक अमेरिकेच्या सेन्सस ब्युरोचं, दुसरं जागतिक बँकेचं, आणि बहुतेक कार्यालयांतल्या पोरांना त्यातलं एक तरी येतंच. एखादा कन्सल्टंट स्वतःचं सॉफ्टवेअर घेऊन येत असेल तर त्याला एवढंच विचारा की तुमचं कंत्राट संपल्यावर ह्यातला एक प्रश्न बदलायचा झाला तर कोण बदलणार.

माणसांबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते ग्रांटने सगळ्यात जास्त नुकसान केलं असेल तर ते इथे.

सॅम्पलिंग विभागात एक हुशार मुलगा असतो, प्रत्येक कार्यालयात असतो. त्याला फ्रेम कळते, म्हणजे जनगणनेतून आलेली देशभरच्या छोट्या छोट्या विभागांची यादी, कुठला विभाग वाढला, कुठे नवी वस्ती झाली, कुठला नकाशा चुकलाय हे त्याला पाठ असतं. सरकारी पगार तुटपुंजा. मग आपला प्रोजेक्ट येतो, प्रोजेक्टचं युनिट उभं राहतं, त्यात कन्सल्टंटचा पगार चौपट, तो मुलगा राजीनामा देऊन आपल्याच युनिटमध्ये येतो, आपण खूश, काम झटपट. तीन वर्षांनी प्रोजेक्ट संपतो, मुलगा दुसऱ्या डोनरकडे नाहीतर जिनिव्हाला जातो आणि सॅम्पलिंग विभागाची खुर्ची रिकामी ती रिकामीच. आपण क्षमता वाढवायला गेलो आणि होती ती पण उचलून आणली.

ह्यावर रामबाण उपाय नाही. मी जे करतो ते असं: कार्यालयातली कायम पदं भरायची अट ग्रांटच्या करारात सुरुवातीलाच घालतो, आणि त्या पदांचा पगार ग्रांटने पहिल्या वर्षी पूर्ण द्यायचा, दुसऱ्या वर्षी दोन तृतीयांश, तिसऱ्या वर्षी एक तृतीयांश, चौथ्या वर्षी सरकारच्या बजेटमध्ये त्याची ओळ दिसली पाहिजे. ही ओळ दिसली पाहिजे म्हणजे छापील बजेटात, सचिवांच्या आश्वासनात नाही. काही देशांत हे जमलं, काही ठिकाणी चौथ्या वर्षी ओळ आलीच नाही आणि माणसं गेली. पण निदान आपल्या युनिटने त्यांची माणसं पळवली असं तरी झालं नाही.

दुसरं, ट्रेनिंग. परदेशात दोन आठवड्यांच्या ट्रेनिंगला कोण जातं ते बघा, बहुतेक वेळा ज्याची ज्येष्ठता जास्त तो, काम करणारा नव्हे. नावं कार्यालयाने ठरवायची हे बरोबर, पण परत आल्यावर त्या माणसाने कुठलं टेबल, कुठलं प्रकाशन स्वतः तयार करायचं हे जायच्या आधी लिहून घ्या.

ह्याच ओघात एक गोष्ट सांगतो जी मला फार जवळची आहे. मुंबईत गोवंडीजवळ देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, माझं शिक्षण तिथलं. १९५६ मध्ये ती सुरू झाली ती टाटा ट्रस्ट, भारत सरकार आणि संयुक्त राष्ट्रं ह्यांच्या एकत्र मदतीने, आशिया-पॅसिफिकमधल्या लोकांना लोकसंख्याशास्त्र शिकवायला. म्हणजे बाहेरचा पैसा आला, पण त्यातून कायमची संस्था उभी राहिली, शिक्षक राहिले, ग्रंथालय राहिलं, आणि १९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी हीच संस्था घडवून आणते. त्या पाहणीच्या सुरुवातीच्या फेऱ्यांमागे यूएसएआयडी ह्या अमेरिकेच्या परदेशी मदत देणाऱ्या सरकारी संस्थेचा मोठा आधार होता. माझ्या वर्गात मराठवाड्यातली पोरं होती तशी नेपाळची, आफ्रिकेतली पण होती, त्यातले काही आज आपापल्या देशाच्या कार्यालयात आहेत, एकाशी माझं आजही फोनवर बोलणं होतं, फ्रेमवरून भांडतो आम्ही. आणि त्याच्याही आधी, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे १९५१ साली रोमला अन्न आणि शेती संघटनेत गेले आणि जवळपास दोन दशकं तिथला सांख्यिकी विभाग त्यांनी सांभाळला, नव्याने स्वतंत्र होणाऱ्या देशांना शेतीची आकडेवारी कशी गोळा करायची हे शिकवण्याचं काम त्या विभागाकडेच होतं. तेव्हा ह्या कामात मराठी माणूस नवखा नाही, एवढं तुम्ही मनात ठेवा.

डोनरांच्या गर्दीबद्दल. पॅसिफिकमधल्या छोट्या देशांत, तुवालूसारख्या, लोकसंख्या १०-११ हजार, सांख्यिकी विभागात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं. तिथे वर्षात चार संस्थांची मिशन्स आली, प्रत्येकाची आठवडाभर मीटिंग, प्रत्येकाचा वेगळा रिपोर्ट फॉर्मॅट, तर तीच दोन-तीन माणसं जनगणनेचं टेबल करणार का आपल्याला विमानतळावरून आणणार? तिकडे न्यू कॅलेडोनियातल्या नूमेआमध्ये पॅसिफिक समुदाय ही बेटांची सामाईक संस्था आहे, तिचा सांख्यिकी विभाग सगळ्या बेटांसाठी मिळून तज्ज्ञ ठेवतो, तिथे पैसा देणं बहुतेक वेळा शहाणपणाचं ठरतं. आफ्रिकेत जायचं ठरलं तर आधी कार्यालयाच्या प्रमुखाला विचारा, ह्या तिमाहीत आणखी कोण येतंय, आणि शक्य असेल तर त्यांच्याबरोबरच जा, त्यांचाच रिपोर्ट वापरा. रवांडाने सगळ्या डोनरांचा पैसा एका सामाईक फंडात घेऊन आपल्या आराखड्यामागे लावला, असं करायला प्रमुख खमका लागतो, आणि डोनरला आपला लोगो थोडा बारीक करावा लागतो.

आणखी एक, कंटाळवाण्या गोष्टींना पैसे द्या. सर्व्हेला सगळे पैसे देतात, राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशोबाला कोणी देत नाही, कारण तिथे फोटो काढण्यासारखं काही नसतं, चार माणसं एक्सेलमध्ये बसलेली असतात. पण दुर्लक्ष केलं की काय होतं? घानाने नोव्हेंबर २०१० मध्ये पायाभूत वर्ष, म्हणजे ज्या वर्षाच्या किमती आणि उद्योगांची रचना धरून हिशोब होतो ते, बदलून जीडीपी नव्याने काढला आणि तो सुमारे ६० टक्क्यांनी वर गेला, देश एका रात्रीत गरीब गटातून मध्यम उत्पन्नाच्या खालच्या गटात. नायजेरियाचं पायाभूत वर्ष १९९० होतं, एप्रिल २०१४ मध्ये ते २०१० केलं आणि अर्थव्यवस्था सुमारे ८९ टक्क्यांनी मोठी निघाली, दक्षिण आफ्रिकेच्या पुढे. मोबाइल कंपन्या, सिनेमा, सगळं त्या जुन्या हिशोबात नीट धरलेलंच नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं कर्जाचं, कराचं, मदतीचं प्रत्येक प्रमाण चुकीच्या भाजकावर काढलं जात होतं. व्यवसायांची नोंदवही अद्ययावत ठेवणं, नकाशे, डेटाचा बॅकअप, ह्यासाठी ग्रांटमध्ये ओळ ठेवा आणि कोणी काढायला लागलं तर भांडा.

स्वातंत्र्याचा मुद्दा नाजूक आहे पण टाळू नका. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने १९९४ मध्ये अधिकृत सांख्यिकीची १० मूलभूत तत्त्वं ठरवली आणि जानेवारी २०१४ मध्ये आमसभेने ती मान्य केली, ती प्रिंट करून टेबलावर ठेवा. आपण सरकारवर लक्ष ठेवायचं हे तर आहेच, टांझानियात २०१८ च्या कायदा दुरुस्तीने अधिकृत आकडेवारीला आव्हान देणारे आकडे छापणं गुन्हा ठरवलं होतं, जागतिक बँकेने उघड चिंता व्यक्त केली आणि २०१९ मध्ये ते पुन्हा बदललं. पण दबाव आपल्या बाजूनेही येतो हे कोणी बोलत नाही. एकदा आमच्या वरच्या लोकांना गरिबीचा नवा आकडा प्रकाशनाच्या आठवडाभर आधी हवा होता, भाषणात घालायला. मी विचारणार नाही असं सांगितलं, त्यावरून बरंच ऐकून घ्यावं लागलं. पण जो आकडा देशाच्या संसदेला अजून माहीत नाही तो पैसे दिले म्हणून आपल्याला आधी मिळावा, हे मला अजूनही मान्य नाही. तसंच सर्व्हेतल्या घरांच्या जीपीएस नोंदी, म्हणजे घर नेमकं कुठे आहे ते. सहावं तत्त्व सांगतं की व्यक्तीची माहिती गोपनीय आणि फक्त सांख्यिकीसाठी, तेव्हा दुसऱ्या प्रोजेक्टला गरीब कुटुंबांची यादी हवी म्हणून सर्व्हेतली घरं मागितली तर सरळ नाही म्हणा. त्या सुपरवायझर बाईंसारख्यांनी दारात उभं राहून लोकांना शब्द दिलेला असतो.

आणि २०२५. ह्या क्षेत्रात काम करायचं तर हे वर्ष विसरता येणार नाही. डीएचएस म्हणजे डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे, १९८४ पासून यूएसएआयडीच्या पैशावर चाललेला, ९० च्या वर देशांत ४०० च्या वर सर्व्हे, बालमृत्यू, लसीकरण, गर्भनिरोधन, कितीतरी देशांची ह्याबद्दलची एकमेव भरवशाची मालिका. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो कार्यक्रम बंद केला गेला, काही देशांत फील्डचं काम अर्ध्यात असताना. मला त्या आठवड्यात तीन देशांतून फोन आले, सगळ्यांचा प्रश्न एकच, सर्व्हर कोणाचा आहे आणि तो किती दिवस चालू राहणार. म्हणजे प्रगणकांनी घरोघर जाऊन आणलेला डेटा आपल्याच देशात, आपल्याच ताब्यात आहे का, ह्याचं उत्तर काहींकडे नव्हतं. हे वाचून तुम्ही ऑफर नाकाराल असं मला वाटत नाही, उलट आता हे काम जास्त गरजेचं झालंय. पण करारात एक कलम घालायला ह्यापुढे कधीच विसरू नका: डेटा, प्रश्नावल्या, प्रोग्रॅम आणि पासवर्ड हे सगळं पहिल्या दिवसापासून कार्यालयाच्या ताब्यात, आपल्याकडे फक्त प्रत.

पहिल्या वर्षी काय करायचं विचारलंत. पहिल्या भेटीत प्रेझेंटेशन मागू नका. डेटा विभागात जाऊन बसा आणि मागच्या सर्व्हेची मूळ फाइल बघायला मिळेल का असं विचारा, साफ करण्याआधीची. किती वेळात सापडते, कोणाच्या कॉम्प्युटरवर सापडते, का कोणाच्या पेनड्राइव्हवर, ह्यावरून तुम्हाला त्या कार्यालयाची प्रकृती कुठल्याही मूल्यांकनाच्या रिपोर्टपेक्षा लवकर कळेल. मग एक आठवडा फील्डवर जा, प्रगणकाच्या मागे दारात उभे राहा, मुलाखत किती वेळ चालते बघा. खर्चाची प्रश्नावली दोन-अडीच तास चालली की बाई चुलीकडे बघायला लागते आणि शेवटच्या पानांवरची उत्तरं "नाही, नाही, नाही" अशी येतात, कारण हो म्हटलं की आणखी चार प्रश्न. तुम्ही हेडऑफिसात बसून "आणखी एक मॉड्यूल घाला" म्हणणाऱ्या साहेबाला हे सांगू शकला पाहिजेत. ऑडिटच्या तारखा, खरेदीचा आराखडा, ह्याची सवय तुम्हाला आहेच, ते जमेल.

पगाराबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो, ऑफरमध्ये प्रवासाचे दिवस किती लिहिलेत ते बघा. १२० च्या वर असतील तर घरी बोलून घ्या, माझ्या मुलीच्या पाच वाढदिवसांना मी नव्हतो.

फ्रेंच. इंग्रजी बोलणाऱ्या देशांपुरतं काम असेल तर चालेल, पण पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले सांख्यिकीवाले बहुतेक आबिजान, डाकार नाहीतर याउंदेच्या तीन शाळांमधून शिकलेले असतात, एकमेकांना कॉलेजपासून ओळखतात, बामाकोत आफ्रिस्टॅट ही त्यांची सामाईक संस्था आहे, आणि त्यांचं सगळं खरं बोलणं फ्रेंचमध्ये चालतं, दुभाष्यामार्फत तुम्हाला फक्त औपचारिक अर्धं कळेल. पुण्यात आलियान्स फ्रान्सेज आहे, जॉइन व्हायच्या आधी निदान दोन लेव्हल करून घ्या. मोझांबिक तुमच्याकडे येणार असेल तर पोर्तुगीज, आणि गोव्यात कोणी नातेवाईक किंवा ओळखीचे जुने लोक असतील ज्यांना ती येते, तर रविवारी त्यांच्याशी फोनवर बोलायला सुरुवात करा. मी तसंच शिकलो, म्हापशाच्या एका निवृत्त मास्तरांकडून, आणि मापुतोत पहिल्या दिवशी माझं पोर्तुगीज ऐकून तिथल्या प्रमुखांनी पहिला प्रश्न विचारला तो गोव्याबद्दलच.